काकाजींची बोअर

धरमपेठेतल्या काकाजींचं आधी सांगतो, मग माझं. माझी मुलगी आज भिंत धरून उभी राहते आणि दाराची कडी वाजवते, ती त्यांच्यामुळे. त्यांचं नाव लिहीत नाही. विचारलं तर ते नको म्हणतील, आणि न विचारता लिहिण्याएवढा मी मोठा नाही. काकाजी एकेकाळी शहराच्या आमच्या अंगाचे आमदार होते. माझं मत त्यांना कधी पडलं नाही. त्यांनाच काय, नागपुरातल्या कोणालाच पडलं नव्हतं. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

मी सातवीतून शाळा सोडली. गाव मेहकरच्याही पुढे, जायचं तर अख्खा दिवस एसटीत जातो. लग्नानंतर नागपूरला, वाडीच्या पुढे अमरावती रोडला आलो, गोदामांत हमाली धरली आणि एका नाल्याच्या काठाला किरायाच्या खोलीत राहिलो. पत्र्याच्या खोल्यांची एकच लांब लाईन, मागे गोदामाची भिंत, पुढे कच्चा रस्ता. कोणी यवतमाळकडचा, कोणी वाशीमचा, कोणी छिंदवाड्याचा. सगळे हमाल, नाहीतर ट्रकवरचे क्लीनर.

आमच्या लाईनीत एक रीत होती. कोणीच आपलं मत इथं आणलं नव्हतं. गावच्या यादीतून नाव कटलं की गावातून माणूस कटला, असं सगळे मानत. मोठा भाऊ फोनवर दर वेळी आठवण देई की नाव हलवू नको, उद्या घराची वाटणी निघाली तर लोक म्हणतील, तो आता नागपूरचा झाला. शिवाय निवडणुकीला गावाकडून गाडी येत असे. कोणीतरी उमेदवार ट्रॅक्स पाठवायचा, आम्ही कोंबून बसायचो, रस्त्यात जेवण, बोटाला शाई, घरच्यांची भेट, आणि त्याच गाडीनं परत. बायको म्हणायची, हेच माझं माहेरपण. तिची आई लहानपणीच गेली, त्यामुळे दुसरं माहेरपण नव्हतंच.

म्हणूनच बाळंतपण इथं झालं. सरकारी दवाखान्यात मुलगी झाली, टाके पडले, आणि भर वैशाखात मी दोघींना रिक्षात घालून पत्र्याच्या खोलीत आणलं. आणलं त्या आठवड्यात लाईनीची बोअर आटली. आधी मोटर चिखल ओढायला लागली, मग नुसती हवा. मालक सावनेरला राहायचा. त्याला फोन केला तर म्हणाला, पाणी जमिनीतच नाही तर मी काय करू, नसेल जमत तर खोली सोडा.

खोली सोडून जायचं कुठं? गावाला न्यावं तर ओल्या बाळंतिणीला त्या उन्हात एसटीत दिवसभर बसवायचं, आणि तिथं तरी कोणतं पाणी वाहत होतं. प्यायला कॅन आणत होतो, पण गोदामांत माल कमी येत होता. ज्या दिवशी हाताला काम, त्या दिवशी कॅन. बाकी धुणं, अंघोळ, बाळाची दुपटी, टाक्यांची स्वच्छता, याला पाणी कुठलं? मी सायकलला प्लास्टिकच्या कॅनची डबकी अडकवून निघायचो. पेट्रोलपंपावर एक डबकी भरून द्यायचे, दुसऱ्या दिवशी तोंड ओळखलं की नाही म्हणायचे.

नाल्याच्या पलीकडे लेआऊट होतं, प्लॉट पाडून बांधलेल्या घरांचं, तिथं रोज टँकर यायचा. टँकरच्या पोटावर तिकडच्या आमदारांचा हात जोडलेला मोठा फोटो. तो टँकर आमच्या दारासमोरूनच जायचा, पाणी सांडत. मी एकदा आडवा उभा राहिलो. ड्रायव्हर ओळखीचा होता, त्यानं थांबवला, खाली वाकून बघितलं.

"भाऊ, माह्या टँकरले ब्रेक आहे, पण हुकूम नाही. नाल्याच्या इकडे तुमचा आमदार दुसरा आहे ना गा. त्याले सांगा."

मग आमचा आमदार कोण, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा शोधावं लागलं. इतकी वर्षं राहून माहीत नव्हतं. गावचा माहीत होता. त्याच्या गाडीत बसून आलेलो होतो.

तोवर घरात काय चाललं होतं ते सांगतो. बायको पाणी प्यायचंच टाळायला लागली होती. मी विचारलं की म्हणायची तहान नाही. मला कळायला उशीर झाला. ती आपल्या वाट्याचं पाणी मुलीच्या दुपट्यांना ठेवत होती. दवाखान्यात नर्सबाईंनी बजावून सांगितलं होतं की तू पाणी पी, तरच दूध येईल. तिला ताप भरला. दूध कमी झालं. मुलगी आधी रडायची, मग रडणंही बारीक झालं. सकाळचं कोरडं दुपटं दुपारीही कोरडंच राहिलं. शेजारच्या छिंदवाड्याच्या मावशीनं मुलीच्या डोक्यावरून बोट फिरवलं आणि मला बाहेर बोलावलं. टाळू आत बसली, अंगातलं पाणी आटलं म्हणाली.

पुन्हा दवाखान्यात नेलं. तिथं दोघींना दिवसभर ठेवलं, बाळाला नळीनं काहीतरी दिलं, आईला सलाईन लावलं आणि घरी पाठवताना डॉक्टर म्हणाल्या, हिला पाणी पाजा, जागा थंड ठेवा, पुन्हा असं झालं तर सांगता येणार नाही. त्या रागावल्या नव्हत्या, साधं बोलल्या. मला मात्र वाटलं, आपण ही पोर आणलीच कशाला इथं.

मी काम बुडवून आमदारांच्या कार्यालयात गेलो. सकाळी तिथं गर्दी असते. टेबलावरचा मुलगा अडचण विचारत नाही, आधी बूथ विचारतो. मी म्हटलं, बूथ गावाकडे आहे. तो हसला नाही, उलट खुर्ची दिली. पण त्याला काही लिहिता येईना. कोणत्या भागाखाली टाकू, तुमच्या लाईनीत एकही मतदार दिसत नाही, असं म्हणाला. मी म्हटलं, माणसं आहेत. तो म्हणाला, ते खरं आहे. मग नाल्यापलीकडच्या आमदारांच्या कार्यालयात गेलो, तिथं तर रस्ता ऐकूनच त्यांनी पहिल्या कार्यालयाचा पत्ता दिला. बाहेर रिक्षावाल्यांच्या अड्ड्यावर मी बसलो होतो, बहुतेक रडतही असेन. एका म्हाताऱ्या रिक्षावाल्यानं विचारलं आणि म्हणाला, "धरमपेठेत आमदाराच्या घरी जा ना. ते बूथ नाही विचारत." आणि त्यानं मला गल्लीपर्यंत सोडलं.

मला काय ठाऊक. मी समजलो, हा तिसरा आमदार.

घर जुनं, बैठं. फाटक उघडंच होतं. व्हरांड्यात बंडी-पायजम्यातला एक उंच म्हातारा माणूस रबरी नळीनं कूलर भरत होता. कूलर भरून पाणी खाली वाहत होतं, फरशीवरून पायऱ्यांवर, पायऱ्यांवरून कुंड्यांत. माझी नजर त्या पाण्यावरच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं जाऊन तोटी बंद केली. आतून काकूंना आवाज देऊन पाणी मागवलं. मी तांब्या रिकामा केला तेव्हा विचारलं, कुठून आलास. मी सगळं सांगितलं. मुलीची टाळू सांगितली, टँकर सांगितला, बूथ सांगितला.

त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की मी आता आमदार नाही, लय दिवस झाले. मला राग आला, त्यांचाच आला. मी म्हटलं, "मंग लोकं काहून म्हणतात आमदाराचं घर?"

"सवय आहे गा. घराले नाव चिकटलं, माणसाचं उतरलं."

त्यांनी तरी आताच्या आमदारांना फोन लावला. पलीकडून आदरानं बोलले असणार, कारण काकाजी मधेच हसले. काय म्हणाले विचारलं तर म्हणाले, उद्या पाहतो म्हणाला. मग म्हणाले, "हे 'पाहतो' मीही लय लोकांले म्हणून राहिलो होतो. त्याच्यात काय असते ते मले माहीत आहे."

मग त्यांनी माझी लाईन नेमकी कुठं आहे ते विचारलं. मला नीट सांगता येईना. तेव्हा ते खाली बसले, फरशीवर सांडलेल्या पाण्यात बोट बुडवलं आणि रेघा काढायला लागले. हा अमरावती रोड, हा नाला, ही रेल्वे. त्यांच्या काळी मतदारसंघ इथून, शहराच्या आतल्या गल्ल्यांपासून, पार तिकडे शेतांपर्यंत होता. प्रचाराला जायचं तर अर्धा दिवस सायकल आणि अर्धा दिवस बैलगाडी. शहरातले म्हणायचे, तुम्ही खेड्याचेच काम करता. खेड्यातले म्हणायचे, तुम्ही शहरात राहता. दोघांचंही बरोबर होतं म्हणाले. मग वस्ती वाढली, माणसं मोजली गेली आणि हद्दी नव्यानं आखल्या. त्यांनी ओल्या बोटानं त्या नकाशाचे तुकडे पाडले. हा एकाकडे गेला, हा दुसऱ्याकडे, हा मधला जुन्या नावानं राहिला, पण त्यात जुनं काही उरलं नाही. ज्यांच्यासाठी धावलो ते माझे मतदार राहिले नाहीत, आणि जे राहिले ते मला ओळखत नव्हते. पुढच्या निवडणुकीत पडलो. हे सांगत होते तोवर पहिल्या रेघा उन्हानं वाळल्याही होत्या. मी मनात म्हणत होतो, हे मला कशाला सांगता, तिकडे माझी पोर.

तेवढ्यात त्यांचं बोट एका ठिकाणी थांबलं. "इथं माही बोअर आहे."

मी म्हटलं, तिथं कुठलीच बोअर नाही, गोदाम आहे.

"गोदाम मागून आलं. बोअर पहिले आली. शेवटच्या वर्षी मारली होती मी, निधीतून. हापसी बसवली होती. मंग तो तुकडा दुसऱ्याकडे गेला अन् मी गेलो नाही पाहाले."

ते उठले आणि सदरा घालायला गेले. काकू दारात आडव्या झाल्या. या उन्हात, तुमचं प्रेशर, डॉक्टरनं काय सांगितलं, असं सगळं बोलल्या. काकाजी म्हणाले, लेकरू आहे वं, महिन्याचंबी नाही. काकूंनी मग स्वतःच त्यांच्या डोक्याला दुपट्टा बांधला, खिशात कांदा टाकला आणि मला बजावलं की यायले सावलीत बसवजो.

आमच्या लाईनीच्या मागची भिंत त्याच गोदामाची होती. भिंतीपलीकडे रोज ट्रक धुतात हे आम्हाला माहीत होतं, खालून ओल यायची. पण ते त्यांचं पाणी. असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं की त्यात आपलं काही असेल.

चौकीदारानं आत घेतलं ते काकाजींच्या वयाकडे बघून. आवारात हापसी नव्हती, तिच्या जागी मोटर होती, आणि मोटरजवळ एक काळा दगड आडवा टाकलेला. ड्रायव्हर लोक त्याच्यावर उभं राहून पाय धूत. त्यांच्या नावाची अक्षरं वरच्या अंगालाच होती, घासून पुसट झालेली. काकाजींनी एकदा खाली बघितलं आणि त्या दगडाला वळसा घालून पुढे गेले.

मॅनेजर तरुण होता, बाहेरचा. वाईट माणूस नव्हता. त्याला मी बाळंतिणीचं सांगितलं तर त्यानं लगेच दोन कॅन देतो म्हटलं. काकाजी म्हणाले की रोज लागेल, आणि एकट्याला नाही, अख्ख्या लाईनीला. मॅनेजर घाबरला. आज पाणी दिलं तर उद्या ही वस्ती रस्ता मागेल, परवा हक्क सांगेल, मालक मला काढून टाकतील, असं तो हिंदीत म्हणत राहिला. शेवटी त्यानं विचारलं, आपण कोण.

"मैं यहाँ का आमदार था."

"कब?" तो म्हणाला. टोमणा नव्हता तो. त्याला खरंच माहीत नव्हतं.

मला वाटलं, आता ते बोअर माझी म्हणतील, दगड दाखवतील, आवाज चढवतील. मी तर तयार होतो, लाईनीतल्या पोरांना बोलवायला. आणि तसं झालं असतं तर फाटक बंद झालं असतं आणि माझी मुलगी गेली असती, हे आज कळतं. त्यांनी मॅनेजरला बाजूला घेतलं आणि अर्ध्या मराठीत, अर्ध्या मोडक्यातोडक्या हिंदीत समजावलं. हक्क सांगायला आलो नाही, मागायला आलो. तू सकाळी फाटक उघड, बाया पाणी भरतील, निघून जातील. मी रोज इथं येऊन बसतो. कोणी हक्काचं बोलला तर मी त्याला बाहेर काढतो. तुझ्या मालकाला सांग, एक म्हातारा माणूस जामीन आहे.

मॅनेजरनं विचारलं, "रोज आओगे? इस धूप में?"

"दुसरं काम काय आहे मले."

त्या संध्याकाळी पहिल्यांदा आमच्या खोलीत हंडा भरला. बायको मुलीकडून तोंड फिरवून पाणी प्यायली, थांबून थांबून, पोटात दुखेल म्हणून. मावशीनं दोघींना पुसून काढलं. ओलं पोतं दाराला टांगलं. दुसऱ्या दिवशी दुपटं थोडं ओलं झालं. मी ते हातात धरून लाईनभर दाखवत फिरलो. लोक हसले असतील. पण पोर अजून हाताला गरमच लागत होती, आणि मी रोज सकाळी डोळे मिटून खोलीत शिरायचो, आधी तिचा आवाज ऐकायचा, मग उघडायचे.

काकाजी रोज आले. सकाळी रिक्षा थांबायची, डोक्याला दुपट्टा, हातात पेपर. फाटकाच्या आत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे. बाया रांगेत भांडल्या की नुसतं बघायचे. यवतमाळची एक जण रोज म्हणायची, काकाजी, पुढच्या वेळी उभे राहा, आम्ही सगळ्या तुम्हालेच मत देऊ. ते म्हणायचे, "माय, तुहं मत यवतमाळले, मी उभा राहू धरमपेठेत. मले निवडून आणाले एसटी लावशीन काय?" सगळ्या हसायच्या.

मला एकदा बाजूला घेऊन मात्र त्यांनी गंभीरपणे सांगितलं. तू नाव इथं आण. मी आज आहे, उद्या नाही. ज्याला तुझ्या मताची गरज नाही त्यानं तुझ्या दारात येणं ही मेहरबानी असते, आणि मेहरबानीवर लेकरं वाढवू नको. मी हो म्हटलं. भावाला फोन केला तर तो इतका चिडला की बरेच दिवस बोलला नाही. मी माझं नाव हलवलं. बायकोनं तिचं नाही हलवलं. ती म्हणाली, एकीकडे तरी धागा राहू दे. त्यामुळे आमच्या एका खोलीत आता दोन मतदारसंघ आहेत.

एका सकाळी रिक्षा आली नाही. मॅनेजरनं थोडा वेळ वाट बघितली. आम्हीही रिकामे हंडे घेऊन फाटकाबाहेर. मला पाण्याची काळजी पडली होती, हे लिहिताना लाज वाटते. मग मॅनेजरनं चौकीदाराला खूण केली आणि फाटक उघडलं. खुर्ची तशीच ठेवली होती, कोणी बसलं नाही.

मी सायकल काढून धरमपेठेत गेलो. घराला कुलूप. शेजारच्यांनी सांगितलं, काल गोदामावरून घरी आले ते चक्कर येऊन पडले, एक बाजू गेली. मी दवाखान्याच्या दाराशी बसून राहिलो. काकू बाहेर आल्या तेव्हा मला त्यांच्यासमोर उभं राहवेना. सावलीत बसवजो म्हणाल्या होत्या. त्यांनी फक्त विचारलं, पोरगी कशी आहे. मी म्हटलं, दूध पिऊन राहिली. तर म्हणाल्या, आत जाऊन सांग त्यांना, ते तेच विचारत आहेत.

आता काकाजी घरीच असतात. उजवा हात चालत नाही, बोलणं जड झालं आहे, पण कळतं. गोदामाचं फाटक पावसाळ्यापर्यंत रोज उघडत राहिलं, त्यांच्याशिवाय. हे मी त्यांना सांगितलं. म्हणाले, चांगलं झालं. मुलीला मी त्यांच्याकडे नेतो. ती त्यांच्या चालत्या हाताचं बोट धरते आणि सोडत नाही.

मागच्या वेळी ते थांबत थांबत म्हणाले की एकदा सगळं पाहायचं आहे. मी विचारलं, काय सगळं. म्हणाले, जुना मतदारसंघ, पूर्ण, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मुलगा परदेशातून येतो तेव्हा गाडीतून फिरवतो, पण तो सरळ रस्त्यानं नेतो. ती हद्द कोणत्याच रस्त्यानं जात नव्हती. ती नाल्यानं जायची, रुळांकडेनं जायची, वावरांच्या बांधानं. "आता तिथं घरं झाले असतीन," असं म्हणाले आणि डोळे मिटले.

मी सध्या कामावरच्या मालकाच्या छोट्या गाडीवर हात बसवतो आहे. लायसन्स अजून नाही, रिव्हर्सला भीती वाटते. पण एक दिवस, थंडीच्या दिवसांत, मी काकाजींना पुढच्या सीटवर बसवीन, काकूंना मधे, आणि नाल्याच्या कडेनं, रुळांच्या कडेनं, जिथं गाडी जाईल तिथून आणि जिथं जाणार नाही तिथं त्यांना पाठीवर घेऊन, ती सगळी हद्द फिरवून आणीन. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. इथं लिहून ठेवतो, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.